कुठे माशी शिंकली?

पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून तिच्यातच बसवायचा. झालं नरसाळं. तळाशी दोन दिवस उन्हात ठेवलेला बांगड्याचा तुकडा टाकायचा. माशी वासाच्या मागे आत शिरते आणि बाहेर पडायची वाट तिला काही केल्या सापडत नाही. अशा दोन बाटल्या घेऊन मी एका ऑक्टोबरात ताम्हिणीला गेलो होतो. एक बाटली रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीमागे टांगली, दुसरी तिथून अर्ध्या तासाच्या चालीवरच्या एका छोट्या देवराईत. टपरीवाल्या मावशी पदर नाकाला लावून सगळं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "सर, माशा धरायला पुन्याहून आलात? आन् वर मासळी पन तुमचीच? आमच्याकडच्या फुकट न्या की."

त्यांचं काही खोटं नव्हतं. टपरीमागची बाटली तासाभरात गच्च भरली. पण जवळजवळ सगळ्या माशा एकाच जातीच्या: निळसर-हिरव्या, लकाकणाऱ्या, विटकरी रंगाच्या मोठ्या डोळ्यांच्या. मंडईत, मासळीबाजारात, कचराकुंडीवर दिसते तीच ही, क्रायसोमाया मेगासेफाला. देवराईतल्या बाटलीकडे पहिला तासभर कुणी फिरकलंच नाही. संध्याकाळी उतरवली तेव्हा आत मोजून चौदा माशा होत्या आणि त्या चौदांत निदान सहा तऱ्हा होत्या. एक राखाडी, पाठीवर काळ्या रेघा असलेली. एक मुंगीसारखी बारीक कमरेची, बसल्या जागी पंख वल्हवत राहणारी. एक कुबड आलेली, उडायचं सोडून झटके देत धावणारी. बाकीच्यांची नावं मला आजही सांगता येत नाहीत, आणि मी प्राणिशास्त्र शिकवतो.

हा काही अभ्यास नव्हे. दोन बाटल्या, एक दिवस, एक बांगडा. एवढ्यावरून निष्कर्ष काढला तर माझेच विद्यार्थी मला नापास करतील. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. एखादं जंगल बरं आहे की आतून आजारी आहे, हे आपण विचारतो तरी कुणाला?

सरकारदरबारी हा प्रश्न दोघांना विचारला जातो, उपग्रहाला आणि वाघाला. उपग्रहाचं उत्तर दर दोन वर्षांच्या वनस्थिती अहवालात येतं. २०२३च्या अहवालानुसार देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन आहे. पण वन म्हणजे काय, तर एक हेक्टर किंवा अधिक जागा आणि तिच्यावर किमान १० टक्के झाडोऱ्याची सावली. जमीन कुणाची, झाडं कसली, याच्याशी त्या व्याख्येला देणंघेणं नाही. म्हणजे देवगडची हापूसची बाग हे वन, नारळाची वाडी हे वन, ऑस्ट्रेलियन बाभळीची एकसुरी लागवड हेही वनच. वरून सगळं हिरवं. त्यात आपल्याकडे रोपं लावण्याची हौस अशी की, १ जुलै २०१६ला २ कोटींचा संकल्प, पुढे ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९मध्ये ३३ कोटी. त्यांतली किती जगली यावर वाद झाले, विधिमंडळातही झाले. जी जगली त्यांच्याखाली काय जगतंय, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

वाघाबद्दल मला आकस नाही. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, आनंदच आहे. वाघामुळे जंगलाला पैसा, पहारा आणि कायद्याचं कवच मिळतं. पण वाघ भलताच निभावून नेणारा प्राणी आहे. पाणी, आडोसा आणि रानडुक्कर मिळालं की तो सागाच्या लागवडीत राहतो, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वावरतो. जिथे वाघ आहे तिथली माती, ओढा, पालापाचोळा धडधाकट आहे, असं काही त्यातून ठरत नाही. ताप बघायचा असेल तर काखेत थर्मामीटर लावावा. पेशंटच्या मिशीला पीळ आहे का, हे बघून काय कळणार?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न माशांना विचारावा. मधमाश्यांना नव्हे, त्यांना चार पंख असतात आणि त्यांची वकिली करायला बरीच मंडळी आहेत. मी म्हणतो त्या खऱ्या माशा, दोनच पंखांच्या, द्विपंखी. मागच्या पंखांच्या जागी त्यांना गदेसारख्या दोन इवल्या दांड्या उरल्यात, त्या दांड्यांनी माशा उडताना तोल सांभाळतात. घरमाशी यांतली, डास यांतलाच, चिलटं, घुंगुरटी, गोमाशी, फळमाशी सगळ्या याच गोतावळ्यातल्या. जगात यांच्या दीड लाखाहून अधिक प्रजातींची नोंद आहे, भारतात सहा हजारांहून अधिक.

संख्या मोठी आहे म्हणून माशी निवडावी असं नाही. खरं कारण तिच्या बालपणात आहे. आपल्याला दिसणारी उडती माशी म्हणजे तिच्या आयुष्याचा शेवटचा अंक. त्याआधी ती अळी असते, आणि अळीला फार लांब जाता येत नाही. जिथे घातली तिथेच तिला वाढायचं असतं. म्हणून जंगलात दिसलेली प्रत्येक माशी कुठल्या तरी जागेचा दाखला घेऊन उडत असते. अमुक तऱ्हेची ओल, अमुक तऱ्हेचं कुजणं इथे जवळपास शिल्लक आहे, हे ती सांगते.

फुलांवर हवेत एका जागी खिळून राहणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशा तुम्ही नक्की पाहिल्या असतील. गांधीलमाशी समजून आपण मागे सरतो, पण यांना नांगी नसते. सोंग आहे ते. हे एकच कुटुंब घ्या. यांतल्या काहींच्या अळ्या पिकावरचा मावा खातात. त्यांना ज्वारीचं शेत चालतं, कुंडीतला गुलाबही चालतो. काहींच्या अळ्या सांडपाण्यात राहतात, शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतात. त्यांना गोठ्यामागचं डबकं हवं. आणि काहींना फक्त म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते, आत साचलेलं पाणी, भुसा, वर्षानुवर्षं कुजणारं लाकूड. अशी ढोली तयार व्हायला झाडाचं वय पन्नास-शंभर वर्षं तरी असावं लागतं. ती कुठल्याही योजनेत, कुठल्याही मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लावता येत नाही. तीन माशा एकाच फुलावर शेजारी बसलेल्या असतात, दिसायला बहिणी. एक शेताची खबर देते, दुसरी गटाराची, तिसरी शतकभराच्या रानाची. युरोपात मार्टिन स्पाइट यांनी तर या कुटुंबाच्या प्रजातीनिहाय सवयींचं मोठं कोष्टक तयार केलं. एखाद्या रानाच्या प्रकारात कोणकोणत्या माशा असायला हव्यात याची यादी त्यातून निघते, आणि प्रत्यक्षात कोण हजर आहे हे ताडून पाहता येतं. शाळेतली हजेरीच ती. गैरहजर कोण, यावरून वर्गाची अवस्था कळते.

ओढ्याकाठी हीच गोष्ट आणखी उघड आहे. मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून लाल अळ्यांची पाकिटं मिळतात. त्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या अळ्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्याच्या बळावर त्या प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही तग धरतात. पाण्याची प्रत जिवांवरून ठरवायची एक पद्धत ब्रिटनमध्ये रुजली आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ती जुळवून घेतली. तिच्यात सर्वांत नाजूक कुटुंबांना १० गुण असतात, या लाल अळीवाल्यांना फक्त २. ओढ्यात दुसरं काही नाही आणि हीच बुजबुजली असेल तर समजायचं. दुसऱ्या टोकाला डोंगरी धबधब्यातल्या खडकांना पोटावरच्या सहा चोषकांनी चिकटून राहणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत. त्यांना थंड, वेगवान, स्वच्छ पाणी लागतं. वर कुठे खोदकाम होऊन खडकावर गाळाचा पातळ थर बसला, तरी त्यांचे पाय सुटतात. पाय नसले तरी.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. 'माशांचे प्रकार जास्त म्हणजे जंगल चांगलं' असं सरळ त्रैराशिक मांडता येत नाही. जंगलाच्या कडेला, रस्ता फुटलेल्या जागी, कधीकधी प्रकार वाढतातच, कारण रानातल्या आणि गावातल्या अशा दोन्हीकडच्या माशा तिथे येतात. लग्नाला किती माणसं आली, यापेक्षा कोण आलं आणि कोण आलं नाही, यावर घरातल्या बायका बोलतात ना, तसं पाहायचं. फिनलंडचे पेक्का नुओर्तेवा यांनी १९६३मध्ये यासाठी एक मापच सुचवलं. मांसावर येणाऱ्या माशा गावात, शेतात आणि रानात सापळे लावून धरायच्या आणि प्रत्येक प्रजातीला +१०० ते −१०० मधला आकडा द्यायचा. +१०० म्हणजे पूर्ण माणसाळलेली, −१०० म्हणजे माणसाची सावलीही न सोसणारी. टपरीमागची आमची बया बहुतेक ठिकाणी अधिकच्या बाजूला भरते, यात नवल नाही.

ब्राझीलमध्ये मेसेंब्रिनेला नावाच्या माशा आहेत, दाट, सावलीच्या रानाबाहेर न पडणाऱ्या. त्यांची मादी एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, त्यामुळे संख्या पडली की भरून यायला वेळ लागतो. रान विरळ झालं की या जातात आणि दुसऱ्याच माशा येतात. आलेल्यांत कोण असतं? १९७०च्या दशकाच्या मध्यावर समुद्रापलीकडून तिथे पोचलेल्या क्रायसोमाया, आपल्या टपरीमागच्या माशीसकट. तिथली उपरी ती इथली मूळची. म्हणून दुसऱ्या देशाची यादी उचलून इथे लावता येणार नाही. सह्याद्रीची हजेरीवही सह्याद्रीतच लिहावी लागेल, आणि नेमकं तेच झालेलं नाही.

जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या कीटकमंडळाचं काम यासाठीच मला महत्त्वाचं वाटतं. बहुतेक हौशी माणसं. त्यांनी २७ वर्षं ६३ संरक्षित जागांमध्ये तंबूसारखे सापळे लावले आणि सापडलेले उडते कीटक सरळ तागडीवर तोलले. २०१७मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं होतं. या जागा संरक्षित होत्या, हे लक्षात घ्या. नकाशावर हिरव्या, कागदावर सुरक्षित, पाटी लावलेल्या. कीटक तोलले नसते तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा तंबूसापळा सुचला तोही आपल्या शेजारात. रेने मलेझ हा स्वीडिश कीटकतज्ज्ञ १९३०च्या दशकात ब्रह्मदेशात फिरत होता. तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्यात गोळा होतात आणि तिथे भोक असलं तर त्यातून निसटतात, हे त्याने पाहिलं. भोकाला बाटली लावली की झाला सापळा. आजही तो तसाच वापरतात.

वाघवाल्यांसाठी आणखी एक गंमत. मेलेल्या जनावरावर, विष्ठेवर बसणाऱ्या माशीच्या पोटात त्या जनावराचा डीएनए उरतो. २०१३मध्ये आयव्हरी कोस्टच्या ताई राष्ट्रीय उद्यानात आणि मादागास्करमध्ये संशोधकांनी माशा धरल्या आणि त्यांच्या पोटातून रानातल्या सस्तन प्राण्यांची यादी वाचली. कॅमेऱ्याच्या ट्रॅपसमोरून न जाणारी जनावरंही माशीच्या ट्रॅपसमोरून सुटत नाहीत.

पण परदेशांची उदाहरणं देऊन आपल्याकडे कुणी हलत नाही, म्हणून कंदीलपुष्पाकडे येतो. खर्चुडी म्हणा, सेरोपेजिया म्हणा. सह्याद्रीच्या पठारांवर, कड्यांवर पावसाळ्यात उगवणारा हा वेल. याच्या काही प्रजाती साऱ्या जगात फक्त इथेच आहेत, त्यांतल्या काही एखाद-दोन डोंगरांपुरत्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वेलींच्या जतनाला किती वर्षं दिली ते वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. फूल म्हणजे कंदिलाच्या आकाराची नळी. तोंडाशी पाकळ्या टोकांना जुळलेल्या, मध्ये खिडक्या. नळीच्या आतल्या भिंतीवर खाली वळलेले केस.

सुकून गळालेलं असं एक फूल मी ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली धरलं होतं. तळाच्या फुगीर भागात एक मेलेली माशी होती, तिळाएवढीही नाही. तिच्या सोंडेला पिवळी, डोळ्यांनी जेमतेम दिसणारी परागांची जोडपिशवी चिकटलेली. वासाने ओढली जाऊन ती आत घसरली असणार आणि केसांनी वाट अडवल्यामुळे बंदी झाली असणार. एरवी फूल कोमेजताना केस सुकतात आणि कैदी सुटतो, सोंडेला पुढच्या फुलाची ठेव घेऊन. हिचं नशीब नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या भाऊबंदाने तर कमाल केलीय. कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीच्या अंगाला येतो तसा वास ते फूल सोडतं, कारण मधमाशीच्या त्या मरणावर जेवणाऱ्या बारक्या माशा त्याला हव्या असतात.

म्हणजे ज्या फुलावर आपण शोधनिबंध लिहितो, जे रोपवाटिकेत वाढवून पुन्हा कड्यावर लावतो, त्याचा पुढचा वंश या तिळाएवढ्या माशीच्या सोंडेवर आहे. तिची अळी कुठल्या मातीत, कुठल्या शेणात, कुठल्या कुजक्या पानात वाढते, हे जपल्याशिवाय वेल जपला असं म्हणणं म्हणजे नवरी सांभाळली आणि वऱ्हाड वाटेत विसरलो, असं होईल.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: माशा म्हणजे घाण, रोगराई, त्यांचं कसलं कौतुक? रोग पसरवणाऱ्या मूठभर जातींवरून सहा हजारांना दोषी धरायचं असेल तर माणसांनीही जरा जपूनच बोलावं. दुसरा आक्षेप खरा आहे. ओळखणार कोण? माशांची नावं लावणं हे डोळे फोडणारं काम आहे, पायावरचे केस मोजावे लागतात, आणि ते शिकवणारी माणसं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. ब्रिटिश भारतातल्या माशांवरचे पहिले मोठे ग्रंथ लिहिले एन्रिको ब्रुनेटी यांनी, १९१२पासून पुढे. ते व्यवसायाने संगीतकार. कलकत्त्यात वाजवायचं आणि उरलेल्या वेळात संग्रहालयात माशा पाहायच्या. शंभर वर्षांनंतरही आपण बरंचसं त्यांच्याच वाद्यावर गातोय. पण हा आक्षेप माशा न मोजण्याचं कारण होऊ शकत नाही. क्रेफेल्डकरांनी आधी तोललं, बाटल्या जपून ठेवल्या, नावं नंतर. तराजू आणि अल्कोहोल तालुक्याच्या कॉलेजलाही परवडतं.

सध्या काय चालतं? खाण, धरण, रस्ता काढायचा तर पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो. त्यात कीटकांना पान-दीड पान, तेही फुलपाखरांचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची झाडं निघाली होती. मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालावरून उतरवला होता. जुन्या कारकुनाची गोष्ट सांगतात, मूळ कागदावर मेलेली माशी चिकटली होती म्हणून त्याने नकलेतही माशी मारून चिकटवली. मक्षिकेस मक्षिका. आमच्या अहवालांत तीही नसते.

मी एकदा रीतसर परवानगी मागायला एका कार्यालयात गेलो होतो. संरक्षित क्षेत्रात वर्षभर, महिन्यातून एकदा, चार सापळे लावायचे होते. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "ही माशी वन्यजीव कायद्याच्या कुठल्या अनुसूचीत येते?" म्हटलं, कुठल्याच नाही. "मग संरक्षण कशाला?" म्हटलं, संरक्षण नकोय, मोजायचंय. "अनुसूचीत नसेल तर मोजायची कशाला?" अर्ज बहुधा अजून तिथेच असेल. त्याच आठवड्यात माझ्या सोसायटीत धूरफवारणीची गाडी आली आणि तिने कुणाचीही परवानगी न घेता हजारभर द्विपंखी लोळवले.

मागणी फार मोठी नाही. वनविभागाच्या कार्य आयोजनेत वठलेलं, पडलेलं झाड 'साफ' करायचं काम असतं, ते थांबवा. कुजणारं लाकूड ही कित्येक माशांची, त्यांच्या मागोमाग कित्येक पाखरांची शाळा आहे. आणि मोजणीची सुरुवात देवरायांपासून करा. १९७०च्या दशकात वर्तक आणि गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या तेव्हापासून त्यांचं महत्त्व सगळ्यांना तोंडपाठ आहे. कित्येक राईंत वाळकी काडी उचलायलाही देवाची बंदी असते. म्हणजे जुनं लाकूड, जुनी ढोली, जुना पालापाचोळा तिथेच. राईत एक सापळा, शेजारच्या लागवडीत एक, रस्त्याला एक. पाच वर्षं सलग. जैवविविधता कायदा २००२चा, गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत, त्यांत एक पान माशांचं असावं. धनगरवाड्यावरची माणसं गोमाशी कधी चढते, कुठल्या पाण्याकाठी गुरं बसवायची नाहीत, हे न चुकता सांगतात. त्यांना विचारलं तर पान रिकामं राहणार नाही.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्या देवराईत गेलो. देवळाला सभामंडप झालाय, पेव्हर ब्लॉकची वाट थेट पारापर्यंत आलीय, वर हायमास्टचा दिवा. आडवा पडलेला जुना आंबा, ज्याच्या ढोलीत मागे हात घालायला मी कचरलो होतो, तो कापून नेलेला. सभामंडपाच्या खर्चाला हातभार म्हणून विकला, असं पुजारी म्हणाले. झाडं तशी उभीच होती. वरून फोटो काढला तर काही फरक दिसला नसता.

बाटली त्याच फांदीला टांगली, बांगडाही तसाच. मागच्या खेपेला तासभर वाट पाहिली होती, म्हणून थर्मासमधला चहा ओतून बसलो. चहा संपायच्या आत पहिली माशी आली. निळसर-हिरवी, विटकरी डोळ्यांची.